चीनमध्ये ट्रेन इमारतीच्या पोटातून जाते तो व्हिडिओ खरा आहे का? वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना झोप कशी लागते?

खरा आहे. त्यात कसलीही हातचलाखी नाही. शहर चोंगचिंग, मार्गिका क्रमांक २, स्थानकाचं नाव लीझिबा. मी चाकणला दुचाकींच्या सुट्या भागांचं काम करतो. चीनमधले मोटारसायकलींचे बरेच मोठे कारखाने चोंगचिंगमध्ये आहेत, त्यामुळे आमच्या धंद्यातल्या माणसाच्या वाट्याला बीजिंग-शांघायपेक्षा हेच शहर जास्त येतं. या गाडीत मी आधी कामासाठी बसलो, हौसेसाठी नंतर.

आपल्याकडे फिरणाऱ्या व्हिडिओत बहुतेक वेळा एक गोष्ट कापलेली असते. गाडी इमारतीत शिरते आणि पलीकडून बाहेर पडते एवढंच दाखवतात; मधे ती थांबते हे दाखवत नाहीत. लीझिबा हे स्थानकच त्या इमारतीत आहे. इमारत १९ मजली. सहावा ते आठवा मजला स्थानकाचा, त्याच्या खाली दुकानं वगैरे, आणि नवव्यापासून वर बिऱ्हाडं. गाडी वेग कमी करत आत येते, दारं उघडतात, माणसं चढतात-उतरतात आणि मग ती निघते. भरधाव गाडी कुणाच्या तरी दिवाणखान्याला घासून धडधडत जाते असं जे वाटतं, ते मुळात घडतच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘आधी इमारत होती, रहिवासी हलेनात, मग सरकारने मधूनच भोक पाडलं’ ही कथा. व्हॉट्सअ‍ॅपवर ती भलतीच लोकप्रिय आहे, पण खोटी आहे. इमारत आणि स्थानक एकाच वेळी आखले गेले आणि बरोबरच बांधले गेले. तिथे उभं राहिलं की कारण लगेच कळतं. एका अंगाला च्यालिंग नदी, दुसऱ्या अंगाला डोंगराचा चढ, आणि मधे जेमतेम पट्टीभर जमीन. त्या पट्टीवरून गाडी न्यायची होती आणि तिथेच इमारतही व्हायची होती. १९९०च्या दशकाच्या शेवटी दोन्हीकडच्या आराखडे करणाऱ्यांनी एकत्र बसून तोडगा काढला. इमारतीचं काम २००४ मध्ये झालं आणि जून २००५ मध्ये मार्गिका रीतसर सुरू झाली. व्हिडिओ जगभर पोचायला मात्र पुढची दहा-बारा वर्षं लागली. त्या मधल्या काळात स्थानिक लोक तिथून रोज कामावर जात होते आणि त्यांना त्यात काही नवल वाटत नव्हतं.

आता झोपेचा प्रश्न. गाडीचा भार इमारतीवर पडतच नाही. गाडी ज्यांच्यावरून धावते ते गर्डर, म्हणजे आडव्या तुळया, ज्या खांबांवर टेकले आहेत ते खांब थेट जमिनीतून वर येतात आणि इमारतीच्या मधून जातात, पण इमारतीच्या खांबांना किंवा स्लॅबना ते चिकटलेले नाहीत. मधे फट सोडलेली आहे. बाहेरून एकच दिसणारी ती वास्तू बांधकामाच्या दृष्टीने दोन वेगळ्या वास्तू आहेत. ज्याने कधी कारखान्यात पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा ठोकून आकार देणारं अवजड यंत्र, बसवली आहे त्याला हे नवीन नाही. प्रेसचा पाया शेडच्या फरशीपासून सुटा ठेवतात, नाहीतर शेजारच्या तपासणीच्या टेबलावरचा मायक्रोमीटरसुद्धा नाचायला लागतो. हादऱ्याला जायला वाट लागते. ती वाट तोडली की निम्मं काम झालं.

उरलेलं काम टायर करतात. ही मोनोरेल आहे, म्हणजे पोलादी रूळ नाहीत आणि पोलादी चाकंही नाहीत. साधारण ८५ सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर उंच काँक्रीटचा एकच गर्डर असतो. गाडी त्याच्या डोक्यावर बसते आणि तिचे काठ दोन्ही बाजूंनी खाली उतरलेले असतात. वजन पेलणारे रबरी टायर गर्डरच्या माथ्यावरून धावतात, तोल सांभाळणारे छोटे टायर त्याच्या दोन्ही अंगांवरून. वीजही गर्डरच्या बाजूंनाच लावलेल्या पट्ट्यांमधून घेतली जाते, म्हणून डोक्यावर तारांचं जाळं दिसत नाही. डब्यांच्या झालरीमुळे चाकं बाहेरून नजरेलाच पडत नाहीत. लोकलचा जो खडखडाट आपल्या कानात बसलेला आहे तो इथे नाही. एक घुमल्यासारखा आवाज येतो आणि विरतो. फलाटावर उभं राहून साध्या आवाजात फोनवर बोलता येतं.

माझ्या मते वरच्या रहिवाशांना त्रास असलाच तर तो गाडीचा कमी आणि खाली जमणाऱ्या जत्रेचा जास्त असणार.

पण मुळात मोनोरेलच का? याचं उत्तर शहराच्या अंगलोटात आहे. चोंगचिंग म्हणजे यांगत्झे आणि च्यालिंग या दोन नद्यांच्या संगमावरचं डोंगरावर वसलेलं शहर. सपाट जमीन म्हणजे चैन. एका बाजूने तळमजल्यावरून इमारतीत शिरावं आणि दुसऱ्या बाजूने विसाव्या-बाविसाव्या मजल्यावरून चौकात बाहेर पडावं, असले प्रकार तिथे सर्रास आहेत. नकाशावर शंभर पावलांवर दिसणारी जागा प्रत्यक्षात दोनशे पायऱ्या वर असते. (गुगल मॅपवर तसाही तिथे भरवसा ठेवू नका.) अशा ठिकाणी पोलादी चाकाच्या गाडीची पंचाईत होते, कारण लोखंडावर लोखंड घसरतं आणि साधी मेट्रो साधारण तीन-साडेतीन टक्क्यांच्या पलीकडचा चढ टाळते. रबरी टायर पाच-सहा टक्क्यांचा चढ चढतो आणि शंभर मीटर त्रिज्येच्या वळणावर वळतोही. नदीकाठच्या पट्टीवरून येऊन डोंगराच्या कुशीत चढायचं असेल तर हे दोन्ही लागतं.

तंत्रज्ञान जपानचं, हिताचीचं. पैशाचा मोठा भागही जपानच्या कर्जाचा. पहिल्या काही गाड्या तिकडून आल्या, बाकीच्या चीनमध्येच छांगछुनच्या कारखान्यात बांधल्या. शहरातल्या रोजच्या वाहतुकीसाठी बांधलेली चीनमधली ही पहिली मोनोरेल आणि देशाच्या पश्चिम भागातली पहिली शहरी रेल्वे.

मार्गिका सुमारे ३१ किलोमीटरची, २५ स्थानकं. जाणार असाल तर च्याओछांगखौ या टोकाला बसा. हे शहराच्या अगदी मध्यभागी आहे आणि सुरुवात भुयारात होते. दोनच स्थानकांनंतर गाडी डोंगराच्या पोटातून एकदम नदीवर उजेडात येते. उजव्या हाताची खिडकी धरा, नदी त्या बाजूला आहे. पूल, बोटी, पलीकडचे टॉवर, सगळं तिकडेच. पुढे झंगच्याएन नावाचं स्थानक येतं. जपानशी चाललेल्या युद्धाच्या काळात चोंगचिंग ही चीनची राजधानी होती, तेव्हा पुढे चीनचे पंतप्रधान झालेले कम्युनिस्ट नेते चौ एन लाय यांचं कार्यालय आणि निवासस्थान या भागात होतं. आज तिथे संग्रहालय आहे. आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि त्या युद्धात चीनच्या मदतीला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातले बाकीचे डॉक्टर १९३८च्या अखेरीस याच शहरात येऊन थांबले होते आणि १९३९च्या सुरुवातीला इथूनच येनानकडे, कम्युनिस्टांच्या तळाकडे, निघाले. कोटणीसांचं नाव काढलं की वयस्कर चिनी माणसाचा चेहरा बदलतो, हे मी अनुभवलेलं आहे. ‘क दिहुआ’ हे त्यांचं चिनी नाव पाठ करून ठेवा, कधीतरी उपयोगी पडेल.

झंगच्याएननंतर न्यूच्याओथुओ, मग लीझिबा. आत बसलेल्याला खरं तर इमारतीचं काहीच कळत नाही. बाहेरचा उजेड कमी होतो, फलाट येतो, एवढंच. मजा त्याच्या पुढे आहे. लीझिबा सोडलं की गाडी नदीकडे पाठ फिरवून फोतूग्वानच्या डोंगराला लागते आणि वळत वळत वर चढते. फेब्रुवारी-मार्चमध्ये या उतारावरची झाडं गुलाबी-पांढऱ्या फुलांनी भरलेली असतात आणि गाडी त्यांच्यातून जाते. चिनी लोक खास या टप्प्यासाठी येतात. मला विचाराल तर इमारतीपेक्षा हा टप्पा पाहण्यासारखा आहे, पण व्हिडिओच्या जमान्यात माझं कोण ऐकतो.

त्यानंतर गाडी पुन्हा भुयारात जाते आणि पुढचं शहर कामाचं आहे. युआनच्यागांगला वैद्यकीय विद्यापीठ आणि त्याचं मोठं रुग्णालय. तिथे एमबीबीएसला आलेली भारतीय मुलं दिसतात, मराठीही कानावर पडू शकतं. मग प्राणिसंग्रहालय. पांडा तिथे आहेत आणि २००५ मध्ये मार्गिका इथपर्यंतच होती. त्यापुढे दादूखौ, एके काळचं पोलादाचं गाव. जपानी फौजा पुढे सरकत होत्या तेव्हा वुहान भागातल्या हान्यांगचा पोलाद कारखाना सुटा करून नदीमार्गे इथे आणून उभा केला होता. आता तोही शहराबाहेर गेला. यूदोंगपर्यंतचा शेवटचा विस्तार २०१४च्या अखेरीस झाला. तिथपर्यंत जायला पर्यटकाला काही कारण नाही.

मोनोरेल म्हटलं की मराठी माणसाला चेंबूर आठवतं, तेव्हा तेही बोलून टाकू. मुंबईची मोनोरेल याच जातीची, गर्डरवर बसणारी. २०१४ मध्ये चेंबूर ते वडाळा, २०१९ मध्ये पुढे संत गाडगे महाराज चौकापर्यंत. १९ ऑगस्ट २०२५च्या पावसात गर्दीने खच्चून भरलेली गाडी म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्कच्या मधे अडकली आणि अग्निशमन दलाला शिड्या लावून माणसं उतरवावी लागली, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. गाडीची क्षमता १०४ टनांची आणि प्रत्यक्ष भार १०९ टनांचा झाला होता, असं एमएमआरडीएने सांगितलं. त्याच सप्टेंबरमध्ये सेवा दुरुस्तीसाठी बंद केली. यावरून ‘मोनोरेल म्हणजे खेळणं’ असा निकाल आपल्याकडे लागून गेलेला आहे.

तो निकाल मला अर्धाच पटतो. चोंगचिंगची ३ क्रमांकाची मार्गिकाही मोनोरेलच आहे. ती २०११ मध्ये सुरू झाली, फाट्यासकट सुमारे ६७ किलोमीटर लांब आहे, विमानतळ आणि उत्तरेचं मोठं रेल्वेस्थानक दोन्ही तिच्यावर आहेत. जगातली सर्वांत लांब मोनोरेल तीच, आणि गर्दीच्या वेळी तिच्यात शिरणं म्हणजे डोंबिवलीकरालाही घाम फुटेल. खेळण्यात एवढी माणसं मावत नाहीत. फरक असा की तिथे डबे मोठे आहेत, गाड्या पुरेशा आहेत, काही मिनिटांच्या अंतराने एकामागून एक येतात, आणि मार्ग लोकांना जिथून जिथे जायचं असतं तिथूनच जातो. मुंबईत गाड्या मोजक्या, दोन गाड्यांमधलं अंतर फार, आणि वडाळ्याच्या ज्या पट्ट्यातून ती नेली तिथे सुरुवातीला धड वस्तीही नव्हती. दोष गर्डरचा कमी आणि आखणीचा जास्त.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. या दोन मार्गिकांनंतर चोंगचिंगनेही मोनोरेल बांधली नाही. १ आणि ६ क्रमांकापासून पुढे सगळी साधी पोलादी चाकांची मेट्रो, आणि नंतर तर चढ चढायला जास्त मोटारींचा जोर असलेले खास डोंगरी शहरांसाठीचे डबे त्यांनी बनवून घेतले. कारणं आमच्यासारख्याला लगेच पटतात. टायर झिजतात आणि बदलावे लागतात. रबर लोटायला पोलादापेक्षा जास्त वीज लागते. गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर न्यायला सांधा बदलायचा म्हणजे रुळाचं पातं सरकवणं नव्हे, अख्खा गर्डर बाजूला वाकवायचा. मधेच गाडी बंद पडली तर उतरून चालायला शेजारी वाट नाही. भक्ती पार्कला शिड्या लागल्या त्या त्यामुळेच. आणि सुटे भाग देणारे जगात मोजके, म्हणजे भावाची घासाघीस जवळपास संपली. पुरवठादार एकच असला की काय होतं ते मी रोज भोगतो.

प्रत्यक्ष जाणाऱ्यांसाठी थोडं. तिकीट दोन युआनपासून सुरू होतं. अलीपेमध्ये कार्ड जोडून क्यूआर दाखवला की फाटक उघडतं. लीझिबाला उतरून खाली रस्त्यावर या. तिथे लोकांना उभं राहून बघता यावं म्हणून मुद्दाम मोठा कट्टा बांधलेला आहे. त्यावर शेकडो माणसं आ वासून उभी दिसतील. घाबरू नका, गाडी आपल्या तोंडात शिरतेय असा फोटो ती माणसं काढत असतात. गाडी थोड्या थोड्या वेळाने येतेच, त्यामुळे पहिली हुकली म्हणून धक्काबुक्की करू नका. सुट्टीच्या दिवशी, विशेषतः ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, तिकडे फिरकूच नका. आणि संध्याकाळी पाच ते सात ही वेळ टाळा. त्या वेळी कामावरून सुटलेल्या लोकांना घरी जायचं असतं आणि तुमच्या ट्रॉलीबॅगचं त्यांना कौतुक नसतं.