एका सूर्यवंशी मुलीला पत्र

अगं,

तुझा मेसेज रात्री २:४० ला आलाय, त्यामुळे काय बिनसलंय ते मेसेज उघडायच्या आधीच कळलं मला. "ताई, मी खरंच आळशी आहे का?" नाहीयेस. झालं उत्तर. आता बाकीचं सावकाश लिहिते, पण हे रात्री वाचत बसू नकोस, सकाळी वाच.

तुझी रूममेट दहाला लाइट बंद करते, पाच मिनिटांत घोरायला लागते आणि साडेपाचला टुणकन उठून बसते. तू साडेबारापर्यंत ठणठणीत जागी आणि सकाळी सातचा अलार्म पाच वेळा स्नूझ. त्यावरून ती तुला सूर्यवंशी म्हणते, आणि तिचं ऐकून तू आठ दिवस दहालाच अंथरुणात शिरलीस, दोन-अडीच तास कूस बदलत राहिलीस आणि शेवटी रडलीस. आता तुझं काय चुकलं सांगू? तू झोप आणायला गेलीस. झोप आणता येत नाही गं. तिची सोय करून ठेवता येते, ती आपली ती येते.

आधी तुमच्या दोघींचा फरक. मला एक जुनी गोष्ट फार आवडते. १९३८ साली नथॅनिएल क्लाइटमन नावाचे झोपेचे संशोधक आणि त्यांचे विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन असे दोघं अमेरिकेत केंटकीमधल्या मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस राहिले. आत सूर्य नाही, दिवसरात्रीचा पत्ता नाही, गारठा कायम एकसारखा. तिथे त्यांनी २८ तासांचा दिवस पाळायचा ठरवला, म्हणजे शरीराचं घड्याळ वळवता येतं का ते बघायचं होतं. गुहा एक, अंधार एक, झोपायची वेळ एक. तर विशीतल्या रिचर्डसनचं शरीर त्या २८ तासांना सरावलं आणि ४३ वर्षांच्या क्लाइटमनचं काही केल्या सरावेना, ते आपले २४ तासांच्याच तालावर. आता सांग, जगातला सगळ्यात मोठा झोपतज्ज्ञ स्वतः ठरवून स्वतःची झोप हलवू शकला नाही, त्याला काय आळशी म्हणायचं?

हे घड्याळ प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं, आणि त्यात जीन्सचाही हात असतो. काही घराण्यांत माणसं संध्याकाळी साडेसातच्या आसपासच पेंगायला लागायची आणि पहाटे साडेचारला टक्क जागी, आणि अशा एका घराण्यात त्यामागे PER2, म्हणजे आपल्या भाषेत लिहायचं तर 'पर-टू' नावाच्या जीनमधला एक बदल असल्याचं २००१ मध्ये सापडलं. १९७६ मध्ये हॉर्न आणि ऑस्टबर्ग यांनी तर माणूस सकाळचा की संध्याकाळचा हे ओळखायची प्रश्नावलीच तयार केली, ती अजून वापरतात. बहुतेक लोक मधेच कुठेतरी पडतात, तुम्ही दोघी दोन टोकांना आहात एवढंच. त्यात तुझं वय. वयात येताना हे घड्याळ उशिराकडे सरकत जातं, विशीच्या आसपास सगळ्यात उशिरा असतं आणि मग वर्षं जातील तसं हळूहळू मागे येतं. कॅलिफोर्नियाने २०२२ पासून कायदाच केला की हायस्कूल सकाळी साडेआठच्या आधी भरवायची नाही, ते याच कारणासाठी. "लवकर निजे लवकर उठे" वाली म्हण ज्याने केली तो बहुधा चाळिशी ओलांडलेला असणार, असं आपलं मला वाटतं.

पण यातून असा अर्थ काढू नकोस की आपलं घड्याळच असं आहे तर चालू दे. घड्याळ पूर्ण बदलत नाही, पण तास-दीड तास सरकतं, आणि तुला तेवढंच हवंय.

आता मुद्द्याचं. झोप दोन गोष्टींवर चालते, अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये ते मांडलं आणि अजून तेच धरून चालतात. एक हे घड्याळ. दुसरी झोपेची भूक. आपल्याकडे म्हण आहे ना, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, त्यातली ही नीज. उठल्या क्षणापासून ही भूक साठायला लागते, मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन जमत जातं, जितका वेळ जागी तितकी भूक जास्त, आणि झोपलीस की ती भागते. मग ऑफिसमधून आल्यावर साडेसहाला तू जी "फक्त पाच मिनिटं" म्हणून तासभर आडवी होतेस ना, ते म्हणजे जेवायच्या तोंडावर अरबटचरबट खाणं झालं. डुलकी हवीच असेल तर दुपारी तीनच्या आत, वीस मिनिटं, अलार्म लावून. आणि चहा-कॉफीचं म्हणशील तर कॅफीन ही भूक मारत नाही, फक्त मेंदूत जिथे ॲडिनोसिन येऊन बसतं ती जागा अडवून ठेवतं, म्हणजे भूक आहे तशीच, तिची वर्दी तेवढी पोचत नाही. आणि पाच-सहा तासांनी त्यातलं निम्मं अजून रक्तात असतं, काहींच्या शरीरात आणखी जास्त वेळ. त्यामुळे संध्याकाळी सहाची कॉफी रात्री अकराला अर्धी शिल्लक. "मला कॉफीने काही होत नाही, मी पिऊन पण झोपते" असं म्हणणाऱ्या खूप भेटल्यात मला. झोप लागते हो, पण गाढ झोप उथळ होते आणि ते आपल्याला कळत नाही.

दहाला झोपायचा तुझा प्रयोग का फसला तेही यातच आहे. आपल्या नेहमीच्या झोपायच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीर सगळ्यात जास्त जागं असतं, पेरेत्झ लावी या संशोधकांनी १९८६ मध्ये त्या वेळेला झोपेसाठी निषिद्ध पट्टाच म्हटलंय. तुझी वेळ साडेबाराची, म्हणजे दहाला तू नेमकी त्या पट्ट्यात जाऊन पडलीस. मग झोप येणार कशी? पडून पडून फक्त डोक्यात भुंगा.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. नर्सिंगला लागले तेव्हा पहिली काही वर्षं नाइट ड्यूटी इतक्या लागायच्या की दिवस कुठला रात्र कुठली कळायचं नाही, आणि मी काय करायचे, झोप कमी झालीये ना मग जास्त वेळ पडू, म्हणून दहा-दहा तास अंथरुणात. झोप लागायची पाच तास, तीही तुकड्यातुकड्याने. पुढे पुढे असं झालं की खोलीत शिरलं की छातीत धडधड. खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायचे आणि गादीवर पाठ टेकली की टक्क जागी. एकदा नाइट संपवून परत येताना सिग्नलला गाडीवर बसल्याबसल्याच डोळा लागला, मागच्याने हॉर्न मारला म्हणून जागी झाले. पुढचे सहा महिने मी गाडीला हात लावला नाही. सलग १७ तास जागा असलेला माणूस साधारण रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्यासारखा वागतो, असं १९९७ मधल्या एका प्रयोगात दिसलं होतं, आणि मी तर त्या दिवशी २० तासांच्या पुढे होते. तेव्हा जागरणाच्या फुशारक्या मारणाऱ्यांचं मला कौतुक वाटत नाही.

तेव्हा आमच्या वॉर्डातल्या एका सीनियर सिस्टरने मला सरळ सांगितलं, झोप येत नाही तर पडतेस कशाला, ऊठ. मला वाटलं टोमणा मारतायत. नंतर कळलं की हाच इलाज आहे. १९७२ मध्ये रिचर्ड बूटझिन यांनी तो लिहून ठेवलाय, की गादी फक्त झोपेसाठी, साधारण वीस मिनिटं झोप लागली नाही (अंदाजाने, घड्याळ बघून नाही!) तर उठून दुसरीकडे जाऊन बसायचं, मंद दिव्यात कंटाळवाणं काहीतरी करायचं, डोळे मिटायला लागले की परत. पहिले चार-पाच दिवस हाल होतात, खोटं कशाला सांगू. पण मेंदूला पुन्हा शिकवावं लागतं की गादी म्हणजे झोप, गादी म्हणजे हिशेब नव्हे. याच्या जोडीला अंथरुणातला वेळच कमी करायचा, झोप सहा तास लागत असेल तर नऊ तास पडून राहायचं नाही, आधी सहा-साडेसहाच, मग झोप सलग व्हायला लागली की पंधरा-पंधरा मिनिटं वाढवत न्यायची. पाच तासांच्या खाली मात्र कधीच जायचं नाही, आणि फिट्सचा त्रास असेल किंवा मूड फार वरखाली होण्याचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नकोस. या सगळ्याची मिळून जी पद्धत आहे तिला सीबीटी-आय म्हणतात, आणि अमेरिकेतल्या फिजिशियन्सच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हेच द्या असं सांगितलं.

तर तू करायचं काय? उठायची वेळ पक्की कर, सात तर सात. रोज, रविवारीसुद्धा, फार तर तासभर सवलत. रविवारी बारापर्यंत लोळलीस की रात्री भूक कमी आणि घड्याळही पुढे ढकललेलं, मग सोमवारी सकाळी विमानातून दुसऱ्या देशात उतरल्यासारखं होतं, टिल रोएनेबर्ग यांनी याला सोशल जेटलॅगच म्हटलंय. रात्री किती का उशिरा झोपलेली असेनास, उठायचं सातलाच. आणि उठल्यावर बाहेर जा, अर्धा तास, उघड्यावर. ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो, आणि डोळ्यात अशा काही पेशी असतात ज्यांचं मुख्य काम बघणं नाहीच, उजेड आला की घड्याळाला चावी द्यायची हे आहे. सकाळचा उजेड घड्याळ अलीकडे ओढतो, रात्रीचा पलीकडे ढकलतो. झोपायची वेळ तू ठरवूच नकोस, ती आठ-दहा दिवसांत आपोआप सरकायला लागेल. सरकली नाही तर उठायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे घे आणि दोन-तीन दिवस थांब.

स्नूझ बंद. क्लाइटमनचं नाव परत काढते, १९५३ मध्ये त्यांनी आणि युजीन ॲसरिन्स्की यांनी ती स्वप्नांची, डोळे भराभर हलतात ती झोप जगासमोर आणली, आणि ती झोप जास्त करून रात्रीच्या शेवटच्या भागात असते. आपली साखरझोप! तिचे तू नऊ-नऊ मिनिटांचे तुकडे करतेस. त्यापेक्षा अलार्म सातचाच लाव आणि तोवर अखंड झोप.

फोनबद्दल सगळे निळ्या उजेडाचं सांगतात. माझ्या मते उजेड फुकट बदनाम झालाय, खरी झोप खातो तो फोनमधला मजकूर. कुणाचं तरी भांडण वाचून तू तापतेस, मग एकाला एक जोडून पुढचा व्हिडिओ, यात निळं-पिवळं करून काय होणार. फोन हाताला येणार नाही असा ठेव, अलार्मसाठी साधं घड्याळ आण आणि त्याचं तोंड भिंतीकडे कर. आणि डोक्यात उद्याची कामं गरगरत असतील तर कागदावर उतरव, २०१८ मधल्या एका छोट्या प्रयोगात, ५७ तरुण होते त्यात, झोपायच्या आधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा साधारण नऊ मिनिटं आधी झोप लागली. नऊ मिनिटं म्हणजे फार नाही, पण फुकट आहेत.

तू लिहिलंयस की सहा तास तुला पुरतात. पुरत असतील, जगात काही मोजकी माणसं असतात तशी. पण २००३ मधल्या प्रयोगात दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलेल्या लोकांचं लक्ष आणि स्मरण एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकं घसरलं होतं, आणि त्यांना स्वतःला मात्र वाटत होतं की आपण ठीक आहोत. मोठ्या माणसाला सात तास तरी लागतात असं धरून चाल. सुट्टीत अलार्मशिवाय तू दहा तास झोपतेस ना, मग ते सहा तास पुरत नव्हते.

रूममेटचं म्हणशील तर भांडू नकोस. तिला सांग की दहानंतर मी मोठा दिवा लावणार नाही आणि हेडफोन घालीन, तू पहाटे कपाटाचे दरवाजे आपटू नकोस. डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे, दोघींनीही. आणि ऑफिसात नऊऐवजी दहाची वेळ मिळते का ते एकदा विचारून बघ, लोक विचारतच नाहीत.

तिचं घोरणं मात्र नीट ऐक एकदा. मधेच श्वास थांबून मग धाप लागल्यासारखा येत असेल, आणि दिवसा ती पेंगत असेल, तर तिला डॉक्टरकडे पाठव, ते नुसतं घोरणं नसतं. आणि तुझं, आठवड्यातून तीन रात्री असं तीन महिने चाललं तर तूही जा. कुणाच्या ओळखीतून मिळालेली झोपेची गोळी घेऊ नकोस, त्यावर मला अजून एक पत्र लिहावं लागेल.

पंधरा दिवसांनी कळव. किती वाजता झोपलीस ते नको सांगूस, दोन्ही रविवारी किती वाजता उठलीस तेवढं लिही.

तुझी,
ताई