लोट्याची प्रयोगशाळा की बी.एड.?

पत्राचा गोषवारा : चिपळूणहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी प्राणिशास्त्रात बीएस्सी झाली आणि यंदा कोल्हापुरातून पर्यावरणशास्त्रात एमएस्सी. लोटे एमआयडीसीजवळच्या एका खासगी प्रयोगशाळेने प्रशिक्षणार्थी म्हणून बोलावलं आहे, महिना पंधरा हजारांवर. मामा म्हणतात बी.एड. करून टाक. शेजारी म्हणतात सरकारी जाहिरातीची वाट बघा, खासगीत सगळ्या जागा इंजिनिअर घेऊन जातात. मुलीला २०२१ च्या पुरापासून नदीवरच काम करायचं आहे. वडिलांचा प्रश्न एका ओळीचा आहे : ‘या विषयावर पोट भरतं का, ते स्पष्ट सांगा.’

सप्रेम नमस्कार.

भरतं. पण नुसत्या पदवीवर भरत नाही, आणि तुमच्या पत्रातली सगळी काळजी तिथूनच येते. पर्यावरणशास्त्राच्या एमएस्सीत थोडं रसायन असतं, थोडं जीवशास्त्र, थोडं भूशास्त्र, थोडा कायदा. मुलाखत घेणारा मात्र एवढंच विचारतो की बाई, तुला नेमकं काय करता येतं? ज्या मुलांना याचं एक ठाम उत्तर देता येतं त्यांना काम मिळतं. ज्यांना येत नाही त्यांच्या जागी इंजिनिअर घेतला जातो. म्हणून माझं मत आधीच सांगते : लोट्याची नोकरी घेऊ द्या. दीड-दोन वर्षांसाठी, आणि डोळे उघडे ठेवून.

पंधरा हजार कमी आहेत, हे मला मान्य आहे. पण या प्रयोगशाळेत जे शिकायला मिळेल ते कुठल्याही क्लासमध्ये मिळत नाही. सांडपाण्याचा नमुना कुठून घ्यायचा, सीओडीसाठीच्या (प्रदूषण किती ते रासायनिक रीतीने मोजणाऱ्या चाचणीसाठीच्या) बाटलीत तिथल्या तिथे सल्फ्युरिक ॲसिड घालून सामू (पीएच) दोनच्या खाली कसा आणायचा, विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच का बांधून टाकायचा, बर्फाच्या पेटीतून नमुना प्रयोगशाळेत वेळेत कसा पोचवायचा. आपल्याकडे बीओडी, म्हणजे घाण कुजवताना सूक्ष्मजीवांना लागणारा ऑक्सिजन, नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवून काढतात, हे पुस्तकात वाचलेलं असतं. इन्क्युबेटर रात्री बंद पडला तर त्या तुकडीच्या आकड्यांचं काय करायचं, हे तिथे उभं राहूनच कळतं. लोट्यात रासायनिक कारखाने आहेत, सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे आणि पलीकडे दाभोळची खाडी. शिकायला याहून कठीण पाणी शोधूनही सापडणार नाही.

रुजू होण्याआधी तिने काही गोष्टी विचारायलाच हव्यात. प्रयोगशाळेला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का, आणि असेल तर कोणत्या चाचण्यांसाठी? मान्यता चाचणीनिहाय असते, पाटीवरचं बोधचिन्ह पाहून भागत नाही. नियुक्तीपत्र आणि भविष्य निर्वाह निधी आहे का? चिमणीवर चढून धुराची मोजणी करायची असेल तर सेफ्टी बेल्ट, हेल्मेट, बूट कोण देणार? हवेची मोजणी चोवीस तास चालते, मग रात्रपाळीला सोबत कोण आणि गाडी कोणाची? या प्रश्नांनी कोणी नाराज होत असेल तर ती जागा सोडलेली बरी. आणि एक अट माझी. न घेतलेल्या नमुन्याचा आकडा लिहायला सांगितला तर त्याच दिवशी बाहेर पडायचं. पहिल्याच वर्षी खोटा आकडा लिहायची सवय लागली तर पुढे ती कुठेही गेली तरी तिच्या सहीला किंमत उरणार नाही.

आता तिच्याकडे जे आहे आणि ज्याची तुम्हाला कल्पना दिसत नाही, त्याविषयी. बीएस्सीचं प्राणिशास्त्र.

मोठे खाण, बंदर, महामार्ग, औष्णिक वीज असे प्रकल्प उभे करण्याआधी २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करावा लागतो. तो अहवाल नॅबेट या राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यता असलेल्या सल्लागार संस्थेनेच करायचा असतो, आणि संस्थेत विषयवार तज्ज्ञ असावे लागतात : हवा, पाणी, घनकचरा, भूजल, सामाजिक-आर्थिक, आणि ‘परिसंस्था व जैवविविधता’. या शेवटच्या विषयात प्राणिशास्त्राचा पाया आणि वर पर्यावरणशास्त्र ही जोडी फार उपयोगाची आहे. इथे बी.ई. झालेला मुलगा तिच्यापुढे जाणार नाही. सुरुवात एखाद्या मान्य तज्ज्ञाच्या हाताखाली होते : पक्षी-सरडे-फुलपाखरांच्या नोंदी, खाडीतल्या प्लवकांचे नमुने, गावकऱ्यांशी बोलणं. काही वर्षांच्या अनुभवानंतर स्वतःच्या नावावर मान्यता मिळू शकते.

हे काम नीट करणारी माणसं किती हवी आहेत याचं उदाहरण तुमच्याच जिल्ह्यातलं आहे. रत्नागिरीतल्या एका प्रस्तावित बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा उतरवलेला सापडला होता. कोकणच्या सड्यावर प्रत्यक्ष पावसाळा काढलेली मुलगी त्या टेबलावर असती तर पहिल्याच पानाला तिने हात वर केला असता.

याच कामात मराठीलाही किंमत आहे, हे मुलांना कोणी सांगत नाही. जनसुनावणीआधी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत लोकांसाठी उपलब्ध करून द्यावा लागतो. यातले कित्येक सारांश इतक्या वाईट मराठीत असतात की ग्रामपंचायतीत बसून वाचणाऱ्याला काही उमगत नाही. तुमच्या मुलीला स्वच्छ मराठी लिहिता येत असेल तर तिने ते बायोडेटात ठळकपणे लिहावं.

बी.एड.बद्दल. तिला शिकवायची मनापासून ओढ असेल तर जरूर करावं, शिक्षकी पेशा मोठा आहे. पण ‘सुरक्षित’ म्हणून करू नये. अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हा विषय आहे खरा, पण बहुतेक ठिकाणी तो दुसऱ्याच विषयाच्या शिक्षकाकडे दिलेला असतो. म्हणजे तिची नेमणूक शेवटी विज्ञान किंवा जीवशास्त्राची होणार आणि तीही टेट परीक्षा, शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल अशा रांगेतून. दोन वर्षं घालून पुन्हा वाट पाहणंच हाती येईल.

सरकारी नोकरीचं म्हणाल तर वाट बघत घरी बसू नये, काम करता करता अर्ज करत राहावेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळात कनिष्ठ वैज्ञानिक अधिकारी, वैज्ञानिक अधिकारी, क्षेत्र अधिकारी अशी पदं आहेत, केंद्रीय मंडळात ‘सायंटिस्ट बी’ असतो. जाहिराती नेमाने येत नाहीत आणि पात्रतेचे शब्द बदलतात, म्हणून प्रत्येक जाहिरात ओळ न ओळ वाचावी. प्रयोगशाळेतला अनुभव तिथेही कामी येईल. नागपूरच्या नीरीसारख्या पर्यावरण संशोधन संस्थांमध्ये प्रकल्प सहायकांच्या तात्पुरत्या जागा निघतात, त्यांच्यावरही लक्ष ठेवावं. यूजीसी नेट या प्राध्यापकी-संशोधनाच्या पात्रता परीक्षेला पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. त्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७ हजार मिळतात. गेट परीक्षेतही २०२१ पासून पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचा वेगळा पेपर आहे, त्यामुळे अभियांत्रिकी न केलेल्यांनाही काही ठिकाणी एमटेकची वाट खुली होते.

जाता जाता, बारावीनंतर याच विषयाकडे वळणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी : भारतीय वनसेवेच्या पात्र विषयांच्या यादीत प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायन, भूशास्त्र आहेत, नुसतं पर्यावरणशास्त्र नाही. बीएस्सी मूळ विषयात करून मग पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करणं मला म्हणूनच जास्त शहाणपणाचं वाटतं. तुमच्या मुलीने नेमकं तेच केलं आहे. वनसेवेचं दार तिच्यासाठी उघडं आहे, जायचं की नाही ते तिने ठरवावं.

गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात ज्या बातम्या आल्या त्यातली एक तिने जपून ठेवावी. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पर्यावरण लेखापरीक्षण नियम अधिसूचित केले. हिशेब तपासायला जसा सीए असतो तसा कारखान्यांचं पर्यावरणीय अनुपालन तपासायला नोंदणीकृत पर्यावरण लेखापरीक्षक असेल. प्रमाणपत्र आधीचा अनुभव तपासून किंवा राष्ट्रीय परीक्षेतून मिळेल, आणि कुठला लेखापरीक्षक कुठल्या कारखान्यात जाणार हे कारखानदाराच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक पद्धतीने ठरेल. व्यवस्था रुळायला वेळ लागेल. पण रुळेल तेव्हा प्रदूषण मंडळ कारखान्याला देतं त्या संमतीपत्रातल्या अटी वाचता येणारी आणि नमुन्याचा आकडा खरा की बनावट हे ओळखणारी माणसं लागतील. दोन्ही गोष्टी लोट्यात शिकता येतात.

दुसरी बातमी कार्बनच्या हिशेबाची. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. युरोपने पोलाद, ॲल्युमिनिअम, सिमेंट, खत अशा मालावर कार्बनचा सीमाकर आणला आहे. त्याचा अहवाल ऑक्टोबर २०२३ पासून द्यावा लागत होता आणि जानेवारी २०२६ पासून तो प्रत्यक्ष लागू झाला. आपल्याकडेही २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. या नोकऱ्या मुख्यतः मुंबई-पुण्यात आहेत. मात्र ‘ईएसजी’च्या (पर्यावरण, समाज आणि कारभार यांच्या अहवालाच्या) नावाने लाखभर रुपयांचे ऑनलाइन अभ्यासक्रम विकणाऱ्यांना आत्ताच पैसे देऊ नका. कारखान्यात कोळसा, वीज, वाफ, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे पाहिलेल्या माणसाला कार्बनच्या हिशेबाचा तक्ता लवकर समजतो. न पाहिलेल्याला प्रमाणपत्र असूनही समजत नाही.

आणि आता नदी, जिच्यासाठी ती या वाटेला आली.

ही इच्छा बाजूला ठेवायला सांगू नका. वाशिष्ठी साधी नदी नाही. कोयनेचं वीजनिर्मितीनंतरचं पाणी कोळकेवाडी धरणातून तिच्यात येतं, वरून घाटातला पाऊस, खालून भरतीचं पाणी, आणि मध्ये चिपळूणची बाजारपेठ. २२ जुलै २०२१ ला काय झालं हे तुम्हाला सांगायला नको. अशा नदीवर काम करायचं तर नुसती तळमळ पुरत नाही, नकाशा करता यावा लागतो. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, इस्रोच्या देहरादूनच्या दूरसंवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रमही फुकट आहेत. प्रयोगशाळेच्या सुट्टीच्या दिवशी तिने वाशिष्ठीच्या चार-पाच ठरावीक जागांवर जाऊन, तारीख-वेळ आणि भरती-ओहोटीच्या नोंदीसह पाण्याची मोजणी सुरू करावी. प्रयोगशाळेची उपकरणं वापरायची तर साहेबांची लेखी परवानगी घेऊन. वर्षभराच्या अशा नोंदी, त्यांचा एक नकाशा आणि दहा पानांचं टिपण हातात असलं, तर नदीवर काम करणारी संस्था असो की पीएच.डी.चा मार्गदर्शक, तिला दारातून परत पाठवणार नाहीत.

घरी आणखी एक करा. लोट्याला रोज जाऊन-येऊन करायचं की तिथेच राहायचं, याचा हिशेब तिच्यासोबत बसून मांडा. पंधरा हजारांतून प्रवास आणि जेवण वजा जाता हाती किती उरतं ते दोघांनाही स्पष्ट दिसू द्या, आणि पहिलं वर्ष कमी पडेल तेवढं घरून द्यायची तयारी असेल तर तसं तिला आत्ताच सांगा. सहा महिन्यांनी पगारवाढीचं बोलणं तिने स्वतः करावं, तुम्ही किंवा मामांनी नाही. नियुक्तीपत्र हाती आलं की सही करण्याआधी त्याची प्रत मला पाठवा. बाँडचं कलम असेल तर त्यावर आपण बोलू.