चोवीस तारखेच्या आधी नाताळ नाही

प्रिय पोरा,

तुझा मेसेज काल रात्री उशिरा वाचला. आज सकाळी देवळातून, मिस्साविधीहून आलो आणि चहाही न घेता लिहायला बसलो. मोबाइलवर अंगठ्याने एवढं लिहिणं मला जमत नाही, म्हणून हे पत्र. धाकटीकडे पाठवतो, ती तुला देईल.

मावशी म्हणते, आई गेली त्या वर्षी कीबोर्डला हात लावायचा नाही आणि घरावर ताराही लावायचा नाही. युवकमंडळ म्हणतं, ये रे, चार गाणी वाजव, मन रमेल. आणि तू म्हणतोस की ‘आनंद करा’ हे शब्द आले की हात थांबतात, आत काहीच हलत नाही, मग वाजवायचं ते ढोंगच. म्हणून देवळातलं क्वायर सोडायचा विचार आहे. पुढचं वाक्य तू अर्धवट सोडलं आहेस. ते मी पूर्ण करून वाचलं.

मी सांत्वन करणार नाही. आईच्या महिन्याच्या मिस्सेला ते पोटभर झालं. तुझी आई क्वायरच्या आल्टोमध्ये, म्हणजे बायकांच्या खालच्या सुरांत, माझ्या डाव्या हाताला उभी राहायची. सूर चढला की माझ्याकडे रागाने बघायची, आणि चूक बहुतेक वेळा माझीच असायची. मला ती आठवते एवढंच सांगतो आणि मुद्द्यावर येतो.

मुद्दा असा की चोवीस तारखेच्या आधी नाताळ नाही.

हसू नकोस. हे वाक्य ऐकून ऐकून तुमच्या सगळ्या बॅचचे कान किटले, माझी नक्कल करायचात तेही मला ठाऊक आहे. पण तेव्हा तुला ते म्हाताऱ्याचं खूळ वाटलं असेल, आज तुला त्याची गरज आहे. तू स्वतःकडे नाताळचा आनंद मागतो आहेस, तोही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तो येत नाही म्हणून श्रद्धा संपली असं ठरवून मोकळा होतोस. अरे, तो आनंद अजून कोणाकडेच यायचा आहे! ख्रिस्तसभा अजून वाट बघते आहे. कालच आगमनकाळाची, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांची, दुसरी जांभळी मेणबत्ती लागली. तू मागे पडलेला नाहीस. बाकीचे पुढे पळाले आहेत.

तू वाजवणारा माणूस, म्हणून तुला उपासनेच्या नियमांतूनच सांगतो. आगमनकाळाच्या रविवारी आपण गौरवगान म्हणत नाही. (आज म्हटलं, कारण आज ८ डिसेंबर २०२५, निष्कलंक मरियामातेचा सण. तो अपवाद.) का म्हणत नाही? त्या गीताची सुरुवात बेथलेहेमच्या रात्री देवदूतांनी गायली, म्हणून त्या रात्रीपर्यंत ते जपून ठेवायचं. पण आलेलुया मात्र चालू असतो. ईस्टरआधीच्या उपवासकाळात तोही बंद होतो, आगमनकाळात नाही. म्हणजे हा शोकाचा काळ नव्हे आणि जल्लोषाचाही नव्हे. आणि वाद्यांबद्दल तर स्पष्टच लिहिलं आहे, की आगमनकाळात ती माफक वाजवावीत, जन्माचा पूर्ण आनंद आधीच उधळू नये. तुझे हात आपोआप थांबतात, ते तू पाप समजतोस. पोरा, या महिन्यात हात थोडे थांबावेत अशी व्यवस्था ख्रिस्तसभेनेच करून ठेवली आहे. मी क्वायरला हे कित्येक वर्षं समजावलं. कोणी ऐकलं?

नोव्हेंबर संपायच्या आत गल्लीभर तारे. पहिल्या रविवारी स्पीकरवर जिंगलबेल. पंधरा तारखेला ऑफिसचा नाताळ, अठराला सोसायटीचा, मग मुंबईहून ख्रिस्तजन्माचे गोठे बघायला येणाऱ्यांची गर्दी. आणि पंचवीसला दुपारी जेवण झालं की सगळे आडवे. सव्वीसला तारे उतरवायला सुरुवात, जणू भाड्याने आणले होते. अरे, नाताळचा काळ तेव्हा कुठे सुरू होतो! यंदा तो ११ जानेवारीपर्यंत, म्हणजे प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत आहे. ते दिवस सुने जातात, कारण त्याआधीच लोकांना सणाचा वीट आलेला असतो.

यावरून माझं आणि युवकमंडळाचं वाजलं ते तुला माहीत आहे, पण तू त्यांच्याकडून ऐकलंस. त्यांना तिसऱ्या रविवारी मिस्सा संपताना नाताळची गाणी हवी होती, ‘माहोल’ बनवायला. मी नाही म्हटलं. मीटिंगमध्ये मला कोणी आजोबा म्हटलं, कोणी हुकूमशहा. फादर मध्ये पडले, दोन्ही बाजूंना हसून बघत राहिले, आणि मी फाइल टेबलावर ठेवून घरी आलो. लोकांना वाटलं हा रुसला. मी रुसलो नव्हतो. मला त्या वर्षी देवळात बसलेली दोनतीन घरं दिसत होती, जिथे नुकतंच कोणी गेलं होतं. त्या माणसांसाठी वर्षात चार आठवडे असे असतात, जेव्हा अख्खं देऊळ त्यांच्याबरोबर अंधारात बसतं. तेही आम्ही त्यांच्याकडून काढून घेत होतो. हे मला मीटिंगमध्ये नीट मांडता आलं नाही, याची चुटपुट आहे. हट्टाची नाही.

आता तू म्हणशील, सर, मग तिसऱ्या रविवारचं काय? तिथे तर प्रवेशालाच ‘आनंद करा’ आहे, गुलाबी मेणबत्ती आहे, फादरांचा गुलाबी झगा आहे. तुझा खरा अडसर तोच आहे. मग नीट बस आणि ऐक.

ते वचन संत पौलाचं, फिलिप्पैकरांच्या पत्रातलं. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा.’ लिहिलं कुठून? कैदेतून. पुढे जगणार की मरणार याचा पत्ता नसताना. आणि आनंदाचं कारण काय देतो? सगळं ठीक होईल, असं नाही. प्रभू समीप आहे, एवढंच. अजून पोहोचलेला नाही, जवळ आहे. तुझ्या मित्रांनी ‘चिअर अप’ म्हणून तुझ्या पाठीत थाप मारली, ती आणि हे वचन यांचा काही संबंध नाही. पौलाने स्वतःच्या बेड्या लपवल्या नाहीत, त्याच पत्रात त्यांच्याबद्दल मोकळेपणाने लिहिलं आहे.

आणि त्या रविवारचं शुभवर्तमान बघ. यंदा वाचनांचं ‘अ’ वर्ष, म्हणून मत्तय, अकरावा अध्याय. बाप्तिस्मा करणारा योहान हेरोद राजाच्या तुरुंगात आहे. ज्याने यार्देन नदीवर येशूकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगितलं, तोच आता शिष्यांकरवी त्याला विचारतो की येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहू? म्हणजे आनंदाच्या रविवारी देवळात काय वाचलं जातं, तर एका कैद्याची शंका! ज्या कोणी हे वाचन या रविवारी ठेवलं, त्याला तुझ्यासारख्यांची माहिती होती.

येशूचं उत्तर काय? आंधळे पाहतात, पांगळे चालतात, कुष्ठरोगी शुद्ध होतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठवले जातात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. ही यादी बहुतेक यशया संदेष्ट्याची आहे. पण यशयाच्या पुस्तकात बंदिवानांच्या सुटकेचंही वचन आहे, आणि नेमकं तेच इथे येत नाही. निरोप तुरुंगात पोहोचतो, आणि त्यात तुरुंगाचा उल्लेख नाही. योहान सुटला नाही. पुढे त्याचं शिर तबकात आलं. मला या उताऱ्यावर कोणी गोड प्रवचन दिलं की राग येतो. तू मला लिहिलंस, ‘आईसाठी आपण इतकी प्रार्थना केली, मग काय झालं?’ तर हे झालं. योहानाचंही हेच झालं. दुसऱ्यांचे मेलेले उठले आणि त्याचं दार उघडलं नाही. माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही आणि कोणी देऊ लागला तर सावध राहा.

पण एक गोष्ट सोडू नकोस. निरोप घेऊन माणसं गेल्यावर येशू गर्दीला काय म्हणतो? योहान डळमळला, असं म्हणत नाही. स्त्रियांपासून जन्मलेल्यांमध्ये याच्याहून मोठा कोणी झाला नाही, असं म्हणतो. शंका विचारून झाल्यावर, त्याच श्वासात. तुला तुझा प्रश्न ढोंग वाटतो. त्या रविवारी तो प्रश्न शुभवर्तमान म्हणून वाचला जातो आणि आपण सगळे उभे राहून ऐकतो.

आज ८ तारीख, म्हणून आल्फ्रेड डेल्प आठवले. जर्मनीचे जेज्वीट फादर, हिटलरच्या विरोधकांच्या एका गटात होते. जुलै १९४४मध्ये पकडले गेले. त्यांची संघातली अखेरची व्रतं व्हायची राहिली होती, ती त्यांनी ८ डिसेंबर १९४४ला बर्लिनच्या टेगेल तुरुंगात घेतली. त्याच महिन्यात, हातात बेड्या असताना, त्यांनी आगमनकाळावर मनन लिहिलं. कागदाचे तुकडे धुण्याच्या कपड्यांतून बाहेर जायचे. २ फेब्रुवारी १९४५ला त्यांना फाशी दिलं. वय सदतीस. आगमनकाळ म्हणजे सुखवस्तू घरातली सजावट, असं ज्याला वाटतं त्याला मी हे नाव सांगतो. त्यांच्या कोठडीत ना तारा होता ना केक. आगमनकाळ मात्र पुरेपूर होता.

आशेबद्दल तू तिरकस लिहिलं आहेस, की हे वर्ष आशेचं ज्युबिली वर्ष आणि आमच्या घरात हे. मग ज्युबिलीचंच बघ. पोप फ्रान्सिसनी २४ डिसेंबर २०२४ला सेंट पीटर्सचं पवित्र द्वार उघडलं, व्हीलचेअरवर बसून. एप्रिलमध्ये ते गेले. आता ६ जानेवारी २०२६ला ते दार पोप लिओ बंद करतील. ज्याने वर्ष सुरू केलं त्याला ते पुरं बघायला मिळालं नाही, तरी वर्ष थांबलं नाही. आशा म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत सगळं होईल, असा करार नव्हे. गोठ्यासाठी थाळीत नाचणी पेरतो तेव्हा पहिले काही दिवस नुसती ओली माती दिसते. माझा नातू रोज बोटाने उकरून बघतो आणि मी रोज ओरडतो. तू सध्या तेच करतो आहेस. आनंद उगवला का, म्हणून दर रविवारी उकरून बघतोस. उकरू नकोस. चोवीस तारखेच्या आधी नाताळ नाही.

आता मावशीचं. ती चुकीची नाही. दुःख पाळणं ही आपली रीत आहे आणि ती शहाणी रीत आहे. शेजारच्या घरांतून करंज्या येतात, आपण तळत नाही, लोकांना कळतं की या घराला यंदा सांभाळून घ्यायचं. तारा लावू नका. मी तर म्हणतो, तुमचं घर यंदा गल्लीतलं एकमेव आगमनकाळ पाळणारं घर असेल. पण तिला एवढं सांग, की आगमनकाळाचं गाणं म्हणजे सणाचं गाणं नव्हे. ‘ये, प्रभो, ये’ एवढंच तर त्यात म्हणायचं असतं, आणि ते म्हणायला आनंदी असावं लागत नाही. खरं तर ज्याच्या घरातलं कोणी गेलं, त्यालाच ते नीट म्हणता येतं. बाकीचे चाल सांभाळतात.

म्हणून माझं म्हणणं असं. उरलेले दोन्ही रविवार वाजव. १७ तारखेपासून संध्याप्रार्थनेला त्या सात जुन्या आळवण्या सुरू होतील. २० तारखेची ‘दाविदाच्या किल्ली’ची, तुरुंगात अंधारात बसलेल्याला बाहेर काढ म्हणणारी. तेव्हा माझ्याकडे ये, आपण दोघेच म्हणू. २४च्या मध्यरात्रीच्या मिस्सेला वाजवायचं की नाही, ते २४ला संध्याकाळी ठरव. आज ठरवू नकोस. गौरवगानाला हात चालले नाहीत तर उठून माझ्या शेजारी येऊन बस. मी तिथे असेन, मागच्या बाकावर, कारण पुढे मला आता कोणी बसवत नाही. बाकीचे गातील. तू न गाताही ते गौरवगान तुझंच असेल. क्वायर असतं कशाला?

वडिलांना एकटं सोडू नकोस. ते देवळात येत नाहीत म्हणून वाद घालू नकोस. तो माणूस आजवर बोलून कधी मोकळा झालेला नाही.

१४ तारखेच्या सरावाला मी येतो असं युवकमंडळाच्या पोरांना सांग. भांडायला नाही. प्रवेशगीताची पट्टी अर्ध्या सुराने खाली घ्यायची आहे, आल्टो तुझ्या आईशिवाय वर जात नाही. आणि कीबोर्डवरचा तो ड्रमचा ठेका बंद ठेवायचा. आगमनकाळात तर नाहीच, आणि खरं सांगायचं तर मला तो पंचवीसलाही चालत नाही.

तुझा,
सर