मुंबईत राहतो, घरात लहान मूल आहे. सगळ्यांनी व्हीगन व्हायचं (म्हणजे दूध-तुपासकट प्राण्यांपासूनचं काहीच खायचं नाही) तर सुरुवात कशी करावी?

अर्धं काम आपल्या स्वयंपाकघरात आधीच झालंय: पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, तेलावरचं थालीपीठ, नारळाच्या दुधाची सोलकढी. गाडीवरचा वडापावही बहुतेकदा चालतो, फक्त बटर लावू नका म्हणायचं. खरी अडचण चहाची. उकळत्या चहात सोयादूध फाटू शकतं. गॅस बंद करून, दूध कोमट करून घाला. (सासूबाईंना तो चहा आवडेल याची हमी नाही!) कॅल्शियमला नाचणी आणि तीळ आहेत. पण बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाचं मिळत नाही, त्याची गोळी किंवा थेंब सगळ्यांनाच लागतात. आणि मुलाचं दूध बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बंद करू नका. बदामाचं दूध त्याची जागा घेत नाही, त्यात प्रथिनं फारच कमी असतात.