उन्हाळी वेळ, हिवाळी वेळ आणि खोबरेल तेलातला मदरबोर्ड

प्रश्न : ताई, माझ्याकडे रायझन ५ ३६०० प्रोसेसर आहे. सगळे सहा कोअर कामाला लागले की तो आपला आपण ४.० गिगाहर्ट्झच्या आसपास, १.२० व्होल्टवर चालायचा. डिसेंबरात मी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन सरसकट ४.२ आणि १.३५ व्होल्ट करून टाकलं, म्हणजे ओव्हरक्लॉक केलं. तेव्हा खोलीत २० अंश होते आणि भर लोडवर प्रोसेसर ७८ च्या वर गेला नाही. मे लागल्यापासून मात्र व्हिडिओ रेंडर करताना दहाव्या मिनिटाला मशीन बंद पडतं. साधा टॉवर कूलर लावलेला आहे. मित्र म्हणतात २४० मिलिमीटरचं वॉटर कूलिंग घे. की सरळ डेझर्ट कूलरसमोर ठेवू? – अभियांत्रिकीचा विद्यार्थी, वर्धा

उत्तर : अरे बाळा, उत्तर तुझ्या पत्रातच आहे, तू फक्त वजाबाकी केली नाहीस. ७८ मधून २० गेले, राहिले ५८. म्हणजे तुझा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा ५८ अंश वर ठेवतो. हा आकडा डिसेंबरात जेवढा, मेमध्येही जवळपास तेवढाच. आता तुझी वरच्या मजल्यावरची, स्लॅब तापलेली खोली ४३ धर. ४३ अधिक ५८ झाले १०१. या चिपची मर्यादा ९५. तिथे पोचली की ती आधी वेग पाडते, आणि तेवढ्यानेही भागलं नाही की मशीन बंद.

आता तू कमावलंस काय ते बघू. वेग ४.० चा ४.२ झाला, म्हणजे पाच टक्के. वीस मिनिटांचं रेंडर एकोणीस मिनिटांत. आणि मोजलेस काय? चिपमधली उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.३५ भागिले १.२०, त्याचा वर्ग १.२७, त्याला वेगाचे १.०५ लाव. १.३३ आले. एका मिनिटासाठी तू एक तृतीयांश उष्णता जास्त ओढवून घेतलीस. त्यातही एकट्या कोअरचं काम असेल तर हा प्रोसेसर कारखान्यातूनच ४.२ पर्यंत स्वतः जातो, तिथे तुला काहीच मिळालेलं नाही.

हेच गणित उलट कर. १.२० व्होल्टवर परत गेलास की ५८ चे साधारण ४४ होतात. ४३ अधिक ४४, म्हणजे ८७. मशीन चालतं, खर्च शून्य. तिथून आणखी खाली उतर : ४.० वर वेग बांध आणि व्होल्टेज १.१९, १.१८ असं एकेक पायरी कमी करत जा. प्रत्येक पायरीला अर्धा तास सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण जुंपणारी चाचणी) फिरव, बाजूला तापमान दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो उघडा ठेव. जिथे अडखळेल तिथून दोन पायऱ्या वर येऊन थांब. मला विचारशील तर आपल्याकडचं खरं ओव्हरक्लॉकिंग हे आहे. कमी व्होल्टवर तेवढाच वेग काढण्यात जी मजा आहे ती १.३५ टाइप करण्यात नाही.

वॉटर कूलिंगला माझा विरोध नाही, पण पाणी हा हमाल आहे. प्रोसेसरजवळची उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेतो, आणि रेडिएटरवर वारा येतो तुझ्या त्याच ४३ अंशांच्या खोलीतला. ५८ चे ४५ होतील कदाचित. बायोसमध्ये दोन आकडे बदलून जवळपास तेवढंच मिळतंय.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. १९९९ मध्ये माझ्याकडे इंटेलचा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर होता. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा, बोर्डाच्या ठोक्याचा, वेग गुणिले एक गुणक. त्याचा गुणक ४.५ वर कुलूपबंद, पण बस ६६ वरून १०० केली की ३०० चा ४५० मेगाहर्ट्झ व्हायचा. त्या काळातली ही सगळ्यात गाजलेली खोडी, अर्ध्या जगाने केली. माझ्या मशीनचे शाळेसारखे दोन वेळ असायचे. हिवाळी वेळ १०० वर. एप्रिल लागला की नागपुरात ते १०० वर विंडोजपर्यंतच पोचेना, म्हणून उन्हाळी वेळ ८३ वर. ३७५ मेगाहर्ट्झ, सुरक्षित, असं मला वाटायचं. त्या उन्हाळ्यात हार्ड डिस्कवरचं विंडोज ९८ दोनदा उडालं. मी डिस्कला शिव्या घातल्या. वर्षभराने कळलं की १०० वर बोर्ड पीसीआय बससाठी, म्हणजे कार्डं आणि डिस्कचा कंट्रोलर ज्या वाटेवर असतात तिच्यासाठी, तिनाने भागायचा, म्हणजे ३३, अगदी नियमात. ८३ वर मात्र दोनाने भागायचा, म्हणजे साडेएकेचाळीस, आणि डिस्कचा कंट्रोलर त्या वेगाला टिकत नव्हता. कमी केलेला आकडाच घातक होता!

डेझर्ट कूलरचं राहिलं. दमट हवेने चालू मशीन बिघडत नाही, कारण आतले भाग हवेपेक्षा गरम असतात, त्यांच्यावर पाणी धरत नाही. बिघडतं ते तुषारांनी. आपलं बोअरचं पाणी जड. ताट्यांवर पांढरा थर बसतो ना, तोच थर मी मेच्या शेवटी ग्राफिक्स कार्डांच्या पायांवर बघते, नखाने खरवडून निघतो. कूलर खोलीत जरूर लाव, समोरची खिडकी उघडी ठेव, पण कॅबिनेट वाऱ्याच्या सरळ रेषेत नको.

प्रश्न : रॅम ३२०० ची घेतली, पण टास्क मॅनेजर २१३३ दाखवतो. दुकानदाराने फसवलं का? – नांदेड

उत्तर : नाही हो. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला पाकिटावरचा वेग लावणारी सोय, चालू करा. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. पाकिटावरचा मोठा आकडा हा बहुतेक वेळा ओव्हरक्लॉकचाच असतो, आपण चालू केल्याशिवाय येत नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या लावल्या असतील आणि पडदा काळा राहिला, तर प्लग काढून मदरबोर्डवरचा गोल सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा. सगळं मूळपदावर येईल.

प्रश्न : मी पेल्टियरची चकती (वीज दिली की एक बाजू गार, दुसरी गरम होते ती) प्रोसेसरवर बसवून बघणार आहे, नाहीतर वॉटर कूलिंगच्या टाकीत बर्फ घालीन. यूट्यूबवर लोक उणे तापमानात चालवतात. रत्नागिरीत पावसाळ्यात हवा तशीही गारच असते. – एक उत्साही वाचक

उत्तर : गार आणि कोरडी यात फरक आहे दादा, आणि तुमच्या जिल्ह्यात तर फारच. फ्रिजमधून काढलेली स्टीलची बाटली जुलैत टेबलावर ठेवा. पाच मिनिटांत तिच्याखाली तळं होतं. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी धरतं तो, २६ च्या आसपास येतो. २६ च्या खाली गेलेली प्रत्येक वस्तू घाम फोडणार, मग ती बाटली असो, पाण्याची नळी असो की मदरबोर्डचं सॉकेट. सॉकेटमधलं तर दिसतही नाही.

पेल्टियरचं गणितही जुळत नाही. बाजारात मिळते ती १२७०६ नावाची चकती, १२ व्होल्टवर सहाएक अँपिअर खाते. ती ओढून नेते, फार तर, साठेक वॅट उष्णता, आणि तीसुद्धा दोन्ही बाजूंचं तापमान सारखं असताना. गेमिंगचा प्रोसेसर सहज शंभर वॅटच्या वर जातो. शिवाय चकतीने स्वतः खाल्लेली वीजही गरम बाजूला येऊन पडते, म्हणजे तिच्यावर आधीपेक्षा मोठा कूलर हवाच.

ते यूट्यूबवाले द्रव नायट्रोजन वापरतात, उणे १९६ अंश. बोर्डाला आधी व्हॅसलीन किंवा खोडरबरासारखा लगदा थापतात, सॉकेटभोवती फोम, आणि खेळ काही मिनिटांचा. २०११ मध्ये एएमडीच्या एफएक्स चिपने द्रव हेलियमच्या जोरावर ८.४२९ गिगाहर्ट्झ गाठून गिनीज बुकात नाव लावलं. त्या मशीनवर कुणी अकाउंट्स लिहिणार नव्हतं. तुम्हाला हौसच असेल तर जुना, मेला तरी चालेल असा बोर्ड घ्या, आणि प्रयोग जानेवारीत करा.

प्रश्न : मी घरीच कस्टम लूप, म्हणजे वॉटर कूलिंगचं चक्र, बनवला. प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा ब्लॉक, मोटारसायकलचा जुना रेडिएटर, डेझर्ट कूलरचा पंप, प्लॅस्टिकच्या बरणीत आरओचं पाणी. पहिले दोन महिने ६२ अंशांत चालला. आता ८० होतात आणि पाणी दुधाळ झालंय. प्रोसेसर आणि ब्लॉकमधली थर्मल पेस्ट बदलून पाहिली, फरक नाही. – यंत्रमाग कारखान्यातील फिटर, इचलकरंजी

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. असं करणारे फार राहिले नाहीत.

मोटारसायकलचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा असतो. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात ठेवलं की तो शाळेतला लिंबात दोन पत्र्या खुपसण्याचा प्रयोग झाला. सेल तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजतं. तो दुधाळ गाळ म्हणजे तुमचा रेडिएटर. ब्लॉक उघडा. आत केसाएवढ्या रुंदीच्या खाचा आहेत, त्यात पांढरा-करडा गाळ बसलेला दिसेल. पेस्ट बदलून काय होणार? आरओच्या पाण्यातही क्षार उरतातच. पण बॅटरीचं (डिस्टिल्ड) पाणी घातलं असतंत तरी हे टळलं नसतं, फक्त उशिरा झालं असतं.

ब्लॉक पातळ व्हिनेगर आणि जुन्या टूथब्रशने साफ करा, मग बॅटरीच्या पाण्याने दोनदा धुवा. रेडिएटर बदलाच. तांबं-पितळेचा हवा. दोन हजारच्या सुमारास परदेशातले हौशी लोक जुन्या मोटारींच्या हीटरची जाळी काढून आणायचे ती त्यासाठीच. तुमच्याकडे भंगार बाजारात जुन्या गाडीची मिळाली तर गॅरेजवाल्याकडून डाग लावून, दाबाने तपासून घ्या.

पंपाबद्दल मात्र मी रागावणार आहे. कूलरचा पंप २३० व्होल्टचा. त्याचं सील जुनं झालं की तेच पाणी ब्लॉकमधून, कॅबिनेटमधून फिरतं, आणि तुमचा हात कॅबिनेटवर असतो. तो आजच काढा. १२ व्होल्टचा पंप लावा, आणि घरात आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारी पेटी) नसेल तर तीही बसवून घ्या.

नवीन लूप भरलात की मदरबोर्डला, कार्डला, कशालाच वीज द्यायची नाही. सगळ्या पिना काढा. एसएमपीएसच्या (मशीनला वीज देणाऱ्या डब्याच्या) मोठ्या कनेक्टरमधली हिरवी तार आणि शेजारची काळी तार यू-पिनने जोडा. एवढ्यावर एसएमपीएस सुरू होतो आणि फक्त पंप फिरतो. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवा, रात्रभर फिरू द्या, सकाळी एकेक कागद गालाला लावून बघा. बोटाला ओल कळत नाही, गालाला कळते. मी एकदा हे टाळलं होतं. गिऱ्हाईक समोर बसलेलं, संध्याकाळी घेऊन जायचं म्हणत होतं, आणि मला वाटलं क्लिप तर मीच आवळली आहे. चहा येईपर्यंत एक थेंब ग्राफिक्स कार्डाच्या पाठीवर उतरला. कार्डाचे पैसे मी भरले. क्लिप अर्धा आटा सैल होती.

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे. संपूर्ण मदरबोर्ड तेलात बुडवला की पंखाच लागत नाही असं तो म्हणतो, आणि घरातला खोबरेल तेलाचा पाच लिटरचा डबा मागतोय. खरं आहे का? की डोकं फिरलंय? – एक आई, पुणे

उत्तर : अर्धं खरं आहे. तेलातून वीज वाहत नाही, म्हणून बुडवलेला बोर्ड चालतो. लोकांनी माशांच्या काचेच्या टाकीत करून दाखवलंय. पण ते मिनरल ऑइल वापरतात. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. पुण्यात डिसेंबरात सकाळी बाटलीत बोट घालून तेल काढता ना, त्याच अवस्थेत त्याचा मदरबोर्ड असेल. शिवाय खवट होतं, तो वास त्याच्याच खोलीत राहणार. मिनरल ऑइलही निरागस नाही : केबलींच्या आतून वर चढतं आणि टेबलावर ठिबकतं, रबर फुगतं, आणि तेल साचवून ठेवतं तेवढीच उष्णता. ती बाहेर काढायला शेवटी पंप, रेडिएटर आणि पंखा लागतोच.

डबा देऊ नका, पण त्याला नुसतं नाही म्हणूनही पाठवू नका. माळ्यावर जुनं मशीन असेलच. ते उतरवून द्या. सोबत थर्मल पेस्टची एक ट्यूब. आधी मूळ वेगावर तापमान वहीत लिहायला सांगा, खोलीचं तापमान शेजारच्या रकान्यात. मग पेस्ट बदल, मग व्होल्टेज, एका वेळी एकच गोष्ट. महिन्याने वहीचा फोटो मला पाठव म्हणावं, पुढच्या अंकात बघू.