माझा पेपर रिव्ह्यूला, म्हणजे विषयातल्या तज्ज्ञांकडे तपासायला, न पाठवताच चार दिवसांत परत आला. कोणी वाचला तरी का?

वाचला, पण पूर्ण नाही. आधी जर्नलचं ऑफिस मजकुरातलं साम्य, एथिक्स कमिटीची मंजुरी, हितसंबंधांची घोषणा आणि शब्दमर्यादा तपासतं. क्लिनिकल ट्रायल असेल तर तिची नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी झालेली लागते. आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या जर्नलांत २००५ पासून ही अट आहे आणि मागाहून केलेली नोंदणी सहसा चालत नाही. यातून पेपर सुटला की एडिटर शीर्षक, गोषवारा, कव्हर लेटर, आकृत्या चाळतो आणि पद्धतीवर नजर टाकतो. चार दिवसांत नकार आलाय तर बहुधा विषय त्या जर्नलचा नाही किंवा नवं काय ते गोषवाऱ्यात दिसलं नाही. गोषवारा नीट करा, दुसरीकडे पाठवा.

पण ‘रिव्ह्यूअरपर्यंत गेला असता तर न्याय मिळाला असता’ असं तुम्ही लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. रिव्ह्यूअर मतदान करत नाहीत, सल्ला देतात. निर्णय एडिटरचाच. दोघांनी किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या आणि तिसऱ्याने संख्याशास्त्रातली एकच मूलभूत चूक दाखवली, तर पेपर नाकारणंच योग्य. शिवाय रिव्ह्यूच्या फॉर्ममध्ये बहुतेक ठिकाणी फक्त एडिटरसाठी एक वेगळा रकाना असतो. लेखकाला आलेल्या गोड अभिप्रायामागे तिथे ‘हे छापू नये’ असंही लिहिलेलं असू शकतं. ‘दुसऱ्या रिव्ह्यूअरने मारला’ ही रड म्हणूनच पोकळ आहे.

पेपर मारतात त्या चुका ठरलेल्या. प्रयोगशाळेतल्या एकाच प्लेटमधल्या तीन वेल्सना (छोट्या खळग्यांना) तीन स्वतंत्र प्रयोग म्हणायचं. वीस तुलना करायच्या आणि पी-व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली आलेली एकच मिरवायची. एकाच वेळी केलेल्या पाहणीवरून ‘यामुळे ते झालं’ असा निष्कर्ष काढायचा. पद्धतीत १२० जण, तक्त्यात ११२, आणि उरलेले आठ कुठे गेले यावर अवाक्षर नाही. हा शेवटचा प्रकार रिव्ह्यूअरला पाच मिनिटांत सापडतो आणि मग बाकीच्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

रिव्हिजन, म्हणजे दुरुस्त्या करून पेपर पुन्हा, मागितली तर उत्तराचं पत्र एडिटरसाठी लिहा, कारण ते तोलणारा तोच. प्रत्येक आक्षेप जसाच्या तसा उतरवायचा, खाली उत्तर, बदललेला मजकूर आणि पान-ओळ क्रमांक. नुसतं ‘सुधारणा केली आहे’ चालत नाही. पेपर उघडल्यावर तिथे जुनंच वाक्य सापडलं की प्रकरण संपतं. आक्षेप चुकीचा वाटला तर तसं कारणासह सांगा. मागितलेला प्रयोग शक्य नसेल तर दावा तेवढा खाली आणा, हे पुष्कळदा मान्य होतं. दोन रिव्ह्यूअर एकमेकांच्या उलट बोलत असतील तर अंदाजाने कोणाची बाजू घेऊ नका, एडिटरला आधीच ईमेल करून विचारा.

हे सगळं मुख्यतः प्रयोग आणि वैद्यक या विषयांचं. गणितात रिव्ह्यूला वर्षही लागतं, आणि प्लॉस वनसारखं जर्नल नावीन्य न बघता काम शास्त्रशुद्ध आहे का एवढंच तपासतं.

अपील करायचंच असेल तर निर्णयात तथ्याची चूक असेल तरच, आणि ती ओळ क्रमांकासह दाखवून. विषय बसत नाही म्हणून आलेल्या नकारावर अपील करण्यात तुमचाच महिना जाईल.