मशीनपेक्षा क्रिस्टलचं काम आवडेल का, ते आधी बघा

ताई नमस्कार,
तुमची लेक बीएस्सी बायोटेक सेकंड इयरला आहे, कोल्हापुरातच शिकतेय, आणि एक लेक्चर ऐकल्यापासून म्हणतेय की सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन गोल फिरवून जोरदार एक्स-रे काढणारं मोठं मशीन) प्रोटीनची रचना शोधायचं कामच करायचं. तुम्ही विचारलंय की यात नोकरी आहे का आणि एक्स-रेमुळे पोरीच्या तब्येतीला काही होणार नाही ना.

तब्येतीचं आधी सांगतो. बीम, म्हणजे एक्स-रेचा झोत, चालू असताना प्रयोगाच्या खोलीत कुणीच नसतं. शिशाचं कवच असतं, दार बंद झाल्याशिवाय बीम आतच येत नाही, सगळं बाहेर बसून कॉम्प्युटरवरून चालतं. त्यामुळे ती काळजी सोडा.

आपल्या देशातलं हे मशीन इंदूरला आरआरकॅट या सरकारी संशोधन संस्थेत आहे, इंडस-2, जवळपास 172 मीटर घेराची रिंग, त्यात 2.5 जीईव्ही (ऊर्जेचं एकक) ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात आणि वळताना जोरदार एक्स-रे सोडतात. प्रोटीनसाठी तिथं वेगळी बीमलाइन (झोत प्रयोगापर्यंत आणणारी वाट) आहे. पण तिथं कायम नोकरीला असणारे थोडे, बाकीचे प्रपोजल पाठवून मिळालेल्या वेळात डेटा घेऊन परत येतात. खरं काम आपल्या लॅबमध्येच, आणि लेकीला हे कुणीतरी स्पष्ट सांगायला पाहिजे. बॅक्टेरियात प्रोटीन बनवायचं, शुद्ध करायचं, मग प्लेटमध्ये त्याचे शेकडो बारीक थेंब लावायचे आणि कुठं क्रिस्टल धरतोय का ते मायक्रोस्कोपखाली बघत राहायचं. बहुतेक थेंब एकतर स्वच्छच राहतात नाहीतर नुसता गाळ होतो. कधीतरी एखाद्यात मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा क्रिस्टल दिसतो, तो नायलॉनच्या इवल्याशा लूपमध्ये उचलून लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकायचा, मग कुठं बीमचा विषय, म्हणजे क्रिस्टलवर एक्स-रे पाडून विखुरलेल्या किरणांचे ठिपके डिटेक्टरवर घ्यायचे. महिनोन् महिने काहीच न मिळता काम करायची तयारी आहे का, हे तिला विचारा. मार्कांपेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं.

ते ताडून बघायला एक सोपा मार्ग आहे, कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम. त्याचे क्रिस्टल पटकन येतात, जगभर नवीन पोरं त्याच्यावरच हात बसवतात. कॉलेजच्या सरांना नाहीतर शिवाजी विद्यापीठात बायोकेमिस्ट्री, बायोटेकला जाऊन विचारू दे, कुणी करून घेतंय का.

आणि मॅथ्स सोडू नको म्हणावं. बायोलॉजीवाली बरीच पोरं इथंच अडतात, कारण डिटेक्टरवर नुसते ठिपके मिळतात, एक्स-रेच्या लाटांची फेज (लाट चढ-उताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते) मिळतच नाही, ती काढून रचना बांधायला फूरियरचं गणित, सिमेट्री, थोडं पायथन प्रोग्रॅमिंग लागतंच. आता अल्फाफोल्ड हा एआय प्रोग्रॅम प्रोटीनच्या रचनेचा अंदाज सांगतो (2024 चं केमिस्ट्रीचं नोबेल त्याच्यासाठीच, प्रोटीन डिझाइनबरोबर वाटून) म्हणून हे क्षेत्र संपलं असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. औषधाचा रेणू प्रोटीनला नेमका कुठं चिकटलाय याची खात्री अजून प्रयोगानंच होते. फक्त क्रायो-ईएमपण (गोठवलेल्या प्रोटीनचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं फोटो काढून रचना शोधायची पद्धत) शिकायची तयारी ठेवावी.

नोकरीचं खरं सांगायचं तर पीएचडीशिवाय फारसं काही नाही. म्हणजे एमएस्सी दोन वर्षं, पुढं पाच-सहा. जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी नाहीतर आयसर या सरकारी विज्ञान संस्थेत इंटिग्रेटेड पीएचडी (एमएस्सी आणि पीएचडी एकत्र), एमएस्सीनंतर सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय परीक्षा. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली की महिना 37,000 आणि घरभाडं (एचआरए) वेगळं, त्यामुळे पीएचडीचा खर्च तुमच्यावर पडत नाही. पुण्यात आयसर आणि एनसीसीएस (पेशींवर संशोधन करणारी संस्था), खारघरला ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र), तिन्हीकडं हे काम चालतं, म्हणजे लांब पाठवायची भीतीपण कमी.

यंदा सायन्स अकॅडमींच्या समर फेलोशिपचा फॉर्म तिला भरायला लावा, दोन महिने अशा लॅबमध्ये राहून येऊ दे, जॅमचा क्लास लावायचं त्यानंतर ठरवा.